शीन-काफ आणि चकचकीत टाइल्स

नवे घर घेताना आपण काय काय पाहतो! पाणी किती वाजता येते, किब्ला कोणत्या भिंतीकडे पडतो, स्वयंपाकघरात हवा खेळते का, लिफ्ट आहे का, शेजार कसा आहे. घराचा आवाज कसा आहे, हे मात्र कुणी पाहत नाही. सोलापुरातल्या जुन्या पेठेतले आमचे माळवदाचे घर वाटण्यांमध्ये गेले आणि अम्मी-अब्बा, आम्ही दोघे आणि दोन मुले असे सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. घर छान आहे, अलहम्दुलिल्लाह. पांढऱ्या चकचकीत टाइल्स, गुळगुळीत पीओपी, भिंतभर सरकत्या काचा. पण या घराला आवाजाचा दोष आहे, हे सर्वांत आधी कळले ते अब्बांना. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. सारी उमेद लूमच्या खडखडाटात गेली, त्यामुळे कान वेळेआधीच थकले. आता दोन्ही कानांना मशीन आहे.

अब्बांना ऐकण्याचा शौक मोठा. गिरणीच्या पगारातून पैसे साठवून त्यांनी एक अॅम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर घेतले होते. ते अजून उत्तम चालतात. आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस, मुशायऱ्यांच्या कॅसेट आणि फजरनंतर कारी अब्दुल बासित यांची किरात, हा त्यांचा ठरलेला क्रम. संगीताबाबत प्रत्येक घराची मते वेगळी असतात आणि त्यात आम्ही पडत नाही. पण तिलावत, नात आणि चांगली जबान ऐकणे ही आमच्या घरातली जुनी बरकत आहे. 'शीन-काफ दुरुस्त पाहिजे' हे अब्बांचे पालुपद. नातवंडांनी 'शेर'ला 'सेर' म्हटले की कुठल्याही खोलीतून त्यांचा आवाज यायचा.

नव्या हॉलमध्ये तीच यंत्रे, त्याच कॅसेट, तेच स्पीकर लावले, तर आवाज टोचू लागला. 'स' आला की तव्यावर पाणी पडल्यासारखे चर्र होई. टाळ्या पडल्या की पत्र्यावर गारा पडल्यासारखे वाटे. ऐकण्याच्या शौकीन लोकांत अशा आवाजाला 'ब्राइट' म्हणतात. अब्बांनी ट्रेबलचे बटण खाली आणले. टोचणे थोडे कमी झाले, पण शब्दच पुसट झाले. बटण वर केले की पुन्हा चरचर. असे आठवडाभर चालले आणि मग त्यांनी डेकवर कापड टाकून ठेवले. "मशीन का कुसूर नहीं, मकान का है," इतकेच म्हणाले.

इथवर हा एका बुजुर्गाच्या शौकाचा प्रश्न होता. पुढे तो घराचा झाला. हॉलमध्ये चार माणसे बोलू लागली की अब्बांना काही लागत नसे. ते आधी "क्या बोले?" विचारायचे, मग आम्ही जोरात सांगायचो. जोरात सांगितले तर आणखीच लागत नसे. हळूहळू त्यांनी विचारणे सोडले आणि हसून मान हलवू लागले. त्या हलणाऱ्या मानेने एक दिवस घोळ केला. आमच्या मुलीसाठी एक स्थळ आले होते. पाहुणे हॉलमध्ये बसले, पंखे फिरत होते, चहाच्या कपबशा वाजत होत्या. मुलाच्या मामूंनी घरातले बडे म्हणून अब्बांना विचारले की मुलीचे बी.फार्म. निकाहनंतर सोडले तर चालेल ना. अब्बांनी छातीवर हात ठेवून "जी जी, इन्शाअल्लाह, क्यों नहीं" असे उत्तर दिले. आतल्या दाराशी उभी असलेली मुलगी पांढरीफटक पडली. तिला वाटले, दादांनी आपला शब्द मोडला. तिला कॉलेजात घालताना फीचे पहिले पैसे त्यांनीच दिले होते.

दुसऱ्या दिवशी फोन करून आम्ही तो गैरसमज दूर केला. स्थळ पुढे गेले नाही, त्याला इतरही कारणे होती. मुलीची समजूत संध्याकाळपर्यंत निघाली. अब्बांची निघाली नाही. त्या दिवसापासून ते हॉलमध्ये बसेनात. जेवण खोलीत, चहा खोलीत, पाहुणे आले तर सलाम करून परत खोलीत. "हाँ बोला तो मुसीबत, ना बोला तो मुसीबत," असे ते अम्मीला म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाला घर असे कडेला सारते, कुणाच्या मनात नसतानाही.

कानांची तपासणी करणाऱ्या बाईंनी मशीन पाहिले, नव्याने जुळवून दिले. मशीनमध्ये दोष नव्हता. पण त्यांनी जे समजावले त्याने आमचे डोळे उघडले. वयाने आणि गोंगाटाने कान थकतात तेव्हा आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि दणकट असतात. स, श, फ, थ, ख ही व्यंजने बारीक आणि अशक्त असतात. शब्दाचा अर्थ मात्र बहुतेक व्यंजनेच सांभाळतात. बंद खोलीत दणकट स्वर भिंतींवर आपटून रेंगाळतो आणि पुढच्या अशक्त व्यंजनावर पडदा टाकतो. जोरात बोलले की रेंगाळणेही तितकेच जोरात होते. आणि कानाचे मशीन समोरचा शब्द जेवढा मोठा करते, तेवढाच भिंतीवरून आलेला त्याचा प्रतिध्वनीही मोठा करते. यातला खरा कोणता आणि परतीचा कोणता, हे तरुण मेंदू सहज निवडतो, थकलेल्या कानांना ते जड जाते. शिवाय असे कान हलक्या आवाजाला बहिरे आणि मोठ्या आवाजाला नाजूक असतात. म्हणून शब्द कळत नाही आणि ताटावर पडलेला चमचा मात्र सुईसारखा टोचतो.

ट्रेबलचे बटण का कामाला आले नाही, तेही यातून उलगडले. बटण खाली केले की स्पीकरमधून सरळ येणारे व्यंजनही कापले जाते. दोष स्पीकरमधून काय निघते यात नव्हता. निघालेले किती वेळ घरात फिरत राहते, यात होता.

आपल्या भागातल्या मुलांना हे समजावायला विजापूरचा गोल घुमट आहेच. सोलापूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास, शाळेच्या सहलीचे हक्काचे ठिकाण. मुहम्मद आदिलशहाची ती कबर. वरच्या गॅलरीत एका बाजूला कागद फाडला तर पलीकडे स्पष्ट ऐकू येतो आणि एक टाळी अनेकदा परत येते. चुन्याच्या कठीण गिलाव्याने आवाज गिळायचा नाही, परतवायचा, एवढेच त्यामागचे काम. घुमटात ती गंमत वाटते. तोच प्रकार छोट्या प्रमाणावर आपल्या दिवाणखान्यात चालू असेल तर मात्र गंमत उरत नाही.

या विषयाचे शास्त्र घडले तेही अशाच एका अडचणीतून, आणि तेही एका मास्तराच्या हातून. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले होते. त्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि विद्यार्थ्यांना व्याख्यान कळत नसे. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे ते काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणल्या. रात्री सगळे सामसूम झाले की ऑर्गनची एक नळी वाजवायची, आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा, आणखी गाद्या आणून पुन्हा मोजायचे. सकाळ व्हायच्या आत गाद्या जागेवर. असे रात्रीमागून रात्री करून त्याने नियम शोधला की खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो आणि मऊ वस्तू जितक्या जास्त तितका लवकर विरतो. मऊपणा मोजायला त्याने माप घेतले ते उघड्या खिडकीचे. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पुरता एक चौरस फूट शोषण. गादी, पडदा, माणूस, सगळ्यांची तुलना तिच्याशी.

हे वाचले आणि जुने घर का घुमत नव्हते, ते लख्ख कळले. तिथे मधोमध अंगण होते. म्हणजे छतच नसलेली, आकाशाएवढी उघडी खिडकी! भिंती मातीच्या, खडबडीत. वर लाकडी तुळया आणि किलचण. कोपऱ्यात पाहुण्यांच्या गाद्या-रजयांची पुरुषभर थप्पी, तिच्यावर अम्मीने टाके घातलेली चादर. खाली जाजम, भिंतीला लोड-तक्के. बांधणाऱ्याने आवाजाचा विचार केला असेल असे नाही, पण त्या बैठकीत अब्बांना कुजबुजसुद्धा लागायची.

मग आम्ही दोघे वही घेऊन बसलो. हॉल अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. घनफळ सुमारे २,०५० घनफूट. सॅबिनच्या सूत्रात फुटांचे माप असेल तर घनफळाला ०.०४९ ने गुणून एकूण शोषणाने भागायचे. आमचा वरचा आकडा बरोबर १०० च्या आसपास आला, हिशेबाला फारच सोयीचा. चार भिंती, जमीन आणि छत मिळून हजार चौरस फूट. टाइल, काच, रंगवलेले प्लास्टर हे आवाजातला शेकडा दोन-तीनच भाग गिळतात. म्हणजे रिकाम्या हॉलचे शोषण तीस आणि आवाज विरायला तीन सेकंदांहून अधिक. सोफा, दिवाण आणि चार माणसे धरली तर शोषण सत्तर, वेळ एक सेकंद आणि वर चार दशांश. बोलणे स्पष्ट हवे तर अशा खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या जवळ यायला हवा. त्यासाठी दोनशे लागतात. कमी पडत होते ते एकशे तीस. मुलाने वहीत लिहिले, 'एकशे तीस चौरस फूट खिडकी पाहिजे.'

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एकाने अंड्यांचे ट्रे भिंतीला लावा म्हटले. हा समज का पसरला कोण जाणे. तो पातळ पुठ्ठा फारसे काही शोषत नाही. झुरळे मात्र होतात आणि आग लागली तर भडका उडतो. दुसऱ्याने थर्माकोल सुचवला, त्यातून तर हवा जातच नाही. एका दुकानदाराने इंचभर जाडीच्या टोकदार फोमचे चौकोन दाखवले. असा पातळ फोम फक्त सर्वांत बारीक आवाज खातो. त्याने चरचर जाते, पण मधले आणि खालचे आवाज तसेच घुमत राहतात आणि खोली ब्राइट होती ती घोगरी होते. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण शेजाऱ्यांनी तीच विचारली. असल्या उपायांनी बाहेरचा आवाज आत किंवा आतला बाहेर जायचा थांबत नाही. रस्त्यावरचा हॉर्न थांबवायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात. मऊ वस्तू फक्त खोलीच्या आत फिरणारा आवाज विरवतात.

पैसे खर्च करण्याआधी फुकटची कामे केली, आणि आमच्या मते निम्मा गुण त्यांचाच. अब्बांची आरामखुर्ची मागच्या भिंतीला चिकटून होती, ती तीन फूट पुढे आणली. स्पीकर भिंतीपासून दोन फूट सोडून, कानांच्या उंचीवर, त्यांच्याकडे तोंड करून ठेवले. ऐकणारा आणि बोलणारा जितके जवळ तितका सरळ शब्द जास्त आणि परतीचा कमी. म्हणून सोफाही भिंतीवरून ओढून खुर्चीच्या जवळ घेतला. घर थोडे विचित्र दिसू लागले, हे खरे. अम्मीला अजूनही ते पसंत नाही.

मग आरशाचा प्रयोग. अब्बा खुर्चीत बसले, मुलाने भिंतीला हातभर आरसा लावून तो हळूहळू सरकवत नेला. जिथे आरशात अब्बांना स्पीकर दिसला, तिथे खडूने खूण. प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, आणि बारीक आवाज सपाट भिंतीवर जवळपास तसाच वागतो. स्पीकरचा पहिला ठोसा याच जागेवरून कानाला लागतो. आरशांवरून प्रकाश कसा परततो याचा कसून अभ्यास इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर'मध्ये केला होता, हे मुलांना सांगायची संधी आम्ही सोडली नाही. दोन्ही भिंतींवर आणि छतावर अशा खुणा झाल्या. टाळी वाजवून ऐकले तर बाराफुटी अंतराच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये 'टर्रर' असा फडफडणारा आवाज येई. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो, म्हणजे तो या दोन भिंतींमध्ये सेकंदात नव्वदहून जास्त फेऱ्या मारत होता.

सुताराकडून चार फूट बाय दोन फुटांच्या आठ लाकडी चौकटी करून घेतल्या. आत दोन इंची रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, घनमीटरला ४८ किलो घनतेची. कारखान्यांच्या पाइपांवर गुंडाळतात ती हीच, जळत नाही. तिचे तंतू अंगाला खाजतात, श्वासात जाऊ नयेत. म्हणून काम गच्चीवर, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क लावून केले आणि लोकर आधी न विणलेल्या पातळ कापडात गुंडाळून मग वरून सुती कापड ताणले. कापडाची परीक्षा सोपी आहे. ते तोंडाशी धरून फुंकर मारायची, पलीकडे सहज गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन किंवा जाड ऑइलपेंटचे कापड लावले तर सगळी मेहनत वाया. चार चौकटी बाजूच्या भिंतींवरच्या खुणांवर, दोन मागच्या भिंतीवर, दोन छताला पंख्याच्या दोन्ही बाजूंना. छताच्या चौकटींचे वजन चार किलोच्या आसपास होते, तरी फास्टनर पक्के मारून घेतले, डोक्यावरच्या वस्तूंत हयगय नको. भिंतीच्या चौकटींमागे दोन इंच पोकळी सोडली. पोकळीमुळे तीच लोकर जरा खालच्या पट्टीचे आवाजही धरते.

काचेच्या दारासाठी पडदा शिवला तो जाड, आणि दाराच्या दुप्पट रुंदीचा. घड्या पडलेला पडदा आवाज धरतो, ताणून लावलेला फारसा नाही. टाइल्सवर जुन्या घरातले जाजम, त्याखाली नमद्याचा थर. राहिला कोपरा. जाड, घुमणारा खालचा आवाज कोपऱ्यांत साठतो आणि त्याला पातळ काही पुरत नाही. अम्मीने माळ्यावर कोंबलेल्या गाद्या-रजया खाली काढायला लावल्या. पण कापूस दबून चिवट झाला होता. तेव्हा पेठेतल्या नदाफचाचांना बोलावले. त्यांनी तो पिंजून फुलवला, नव्या खोळींत भरून टाके घातले. चाचांचा धंदा आता मशीनच्या गाद्यांनी बसलाय. कशासाठी हवे ते ऐकल्यावर ते हसले आणि अब्बांच्या कानाशी वाकून म्हणाले, "भाई, कपास तो आवाज पीतीच है. हम पूरी उमर रुई में बैठे, हमारे घर में कोई चिल्लाया नहीं." थप्पी कोपऱ्यात पाच फूट रचली, वर तीच जुनी चादर. कापूस पेट घेतो, म्हणून ती स्विचबोर्डपासून दूरच्या कोपऱ्यात ठेवली.

हिशेब मुलाने पुन्हा मांडला. चौकटी अठ्ठावन, पडदा अठ्ठावीस, जाजम एकोणीस, थप्पी सतरा. एकूण एकशे बावीस, जुने सत्तर मिळवले तर एकशे ब्याण्णव. शंभर भागिले एकशे ब्याण्णव, अर्ध्या सेकंदाला चिकटून. हे आकडे मधल्या-उंच आवाजांचे आणि अंदाजाचे आहेत, प्रयोगशाळेचे नाहीत. खर्च एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत बसला, त्यात सुताराची मजुरी मोठी.

उत्साहाच्या भरात उरलेल्या भिंतीही झाकायचे मुलाच्या मनात होते. अब्बांनी अडवले. "कमरा मुर्दा नक्को करो," म्हणाले. त्यांचे बरोबर होते. सगळे झाकले तर तिलावतीतला गोडवाही जातो आणि आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा होतो. कारीसाहेबांचा लांबवलेला सूर थोडा तरी हवेत राहावा लागतो. म्हणून समोरची भिंत मोकळी ठेवली आणि एका बाजूला पुस्तकांचे उघडे कपाट लावले. लहान-मोठी, आत-बाहेर सरकलेली पुस्तके आवाज गिळत नाहीत तितकी विखुरतात, त्यामुळे तो एकाच जागेहून टोचत नाही. निदान हे कारण सांगून आम्ही पुस्तके नीट रचण्यातून सुटका करून घेतली आहे.

पहिल्या फजरला डेकवरचे कापड निघाले. ट्रेबलचे बटण मधोमध ठेवले. अब्बा सूरह रहमान ऐकत होते, आम्ही दाराशी. एका ठिकाणी त्यांनी हात वर करून कॅसेट मागे घ्यायला लावली. पुन्हा ऐकले. मग म्हणाले, "साद अलग, सीन अलग. सुनो." सीन आणि साद यांतला फरक त्या हॉलमध्ये त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. अम्मीने डोळ्यांना पदर लावला, आम्ही चहा ठेवायला आत गेलो.

सगळेच दुरुस्त झाले असे नाही. दहा-बारा माणसे एकदम बोलली की अब्बा अजून हरवतात. त्यावर कापसाचा उपाय नाही, एका वेळी एकाने बोलण्याचा आहे, आणि आमच्या खानदानात तो कठीण. पण रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरख्वानावर ते हॉलमध्ये बसले, मुलीशेजारी. तिच्यासाठी दुसरे एक स्थळ आले तेव्हा शिक्षणाची गोष्ट त्यांनी स्वतःच काढली, पाहुण्यांनी विचारण्याआधी. पाहुण्यांचे उत्तर त्यांना पहिल्याच वेळी लागले. ते फारसे पसंत पडण्यासारखे नव्हते, आणि त्यांनी तसे नरम शब्दांत सांगितलेही.

आता त्यांना आमच्या मशिदीची चिंता आहे. नव्या बांधकामात भिंतींनाही छातीएवढा संगमरवर लावला, आणि जुम्याचा बयान मागच्या सफीत घुमून जातो. लोक आवाज वाढवायला सांगतात, वाढवला की आणखी घुमतो. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीत मिमार सिनान यांनी घुमटात मातीचे घडे आत तोंड करून बसवले होते, आवाज ताब्यात ठेवण्यासाठी. ती इमारत १५५७ साली पूर्ण झाली. आपल्याला घडे बसवायची गरज नाही. जाड कालीन, मागच्या भिंतीवर वर आठ-दहा चौकटी, आणि दोन मोठ्या भोंग्यांऐवजी सफीसफीजवळ छोटे, हळू बोलणारे स्पीकर, इतके सुद्धा पुष्कळ होईल. नमाजी बसले की मशीद थोडी शांत होते, तेही याच कारणाने. माणूस आणि त्याचे कपडे आवाज धरतात. अब्बांनी हे सगळे उर्दूत दोन पानांवर लिहून कमिटीकडे दिले आहे, सोबत हॉलमध्ये येऊन ऐकून जाण्याची दावत. दोन बुजुर्ग येऊनही गेले. एकाने घरी जाऊन स्वतःच्या बैठकीत टाळी वाजवून पाहिली, असे त्यांच्या सुनेने सांगितले.

स्वयंपाकघर अजून तसेच आहे. तिथे तेल आणि वाफ, कापड-कापूस चालत नाही. अम्मीने भांड्यांच्या मांडणीवर रबरी मॅट अंथरली आणि पातेली आदळणे थोडे कमी झाले. कुकरची शिट्टी झाली की अब्बा कानातले मशीन काढून खिशात टाकतात, शिट्ट्या मोजतात बोटांनी, आणि तिसरी झाली की पुन्हा लावतात. त्यांना विचारले, ऐकू येत नाही तर मोजता कशा? म्हणाले, "तुम्हारी अम्मी का मुँह देख के."